खाजनाचा बांध आणि गावाची जबाबदारी



भरती-ओहोटीची व्याख्या आपण भूगोलाच्या तासाला पाठ करतो. चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी दिवसातून दोन वेळा चढते व दोन वेळा उतरते, एवढे लिहिले की गुण मिळतात. परंतु मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांच्या काठी राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे ज्ञान पोटासाठी मिळवावे लागले. त्यांच्या शेतांची पातळी भरतीच्या पाण्याहून खाली होती. चढते खारे पाणी अडवायचे, उतरत्या पाण्याबरोबर शेतातले पाणी बाहेर काढायचे, आणि हे काम रोज, पिढ्यान् पिढ्या करीत राहायचे, असा तो संसार होता. या संसारालाच आपण खाजनशेती म्हणतो.

खाजनाची रचना कशी असते, गावाने ती कशी सांभाळली आणि आज ती का ढासळत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. बांध मातीचा असतो हे खरे. परंतु ज्याला त्याचा लाभ मिळतो त्यानेच त्याची राखण करावी, हा नियम जोवर पाळला जातो तोवरच तो टिकतो. ही एकच गोष्ट तुमच्या मनावर ठसावी, अशी माझी इच्छा आहे.

खाजन म्हणजे काय?

गोव्यातील शेतकरी आपल्या भातजमिनीचे स्थूलमानाने तीन प्रकार सांगतो. उंचावरील ती मोरड, मधल्या पट्ट्यातील रेताड ती खेर, आणि नदी-खाडीच्या काठची सखल, चिकण मातीची ती खाजन. खाजन जमीन निसर्गाने आपणांस तयार करून दिलेली नाही. एके काळी तेथे भरतीचे पाणी खेळत असे, दलदल होती आणि खारफुटीची झाडे होती. माणसाने बांध घालून ती जमीन पाण्याकडून मागून घेतली. अशा जमिनी गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगितले जाते. गोव्याचे एकूण क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे; त्या मानाने पाहता आपल्या भूमीचा जवळजवळ विसावा भाग या बांधांच्या आधाराने उभा आहे. तिसवाडी, बार्देस, साष्टी आणि फोंडा या तालुक्यांत, त्याचप्रमाणे दिवाडी, चोडण, जुवें यांसारख्या बेटांवर खाजने विशेष आढळतात.

ही विद्या फार जुनी आहे. कोकणच्या मौर्य घराण्यातील राजा अनिर्जितवर्मा याचा एक ताम्रपट फोंडा तालुक्यातील बांदोडे येथे मिळाला. तो सुमारे सहाव्या शतकातील मानतात. त्यात ‘खज्जन’ हा शब्द आलेला आहे. आपल्या घरच्या कोकणीतील ‘खाजन’ हा शब्द आणि राजाच्या ताम्रपटातील हा शब्द यांचे नाते सांगण्यास पंडिताची गरज नाही. शेताच्या बांधावरून चालताना जो शब्द आपण सहज उच्चारतो, तो किमान चौदा शतके या भूमीत नांदत आहे, हे ध्यानात घ्यावे.

बांध, मानस आणि पोंय

खाजनाची तीन अंगे आहेत. पहिले अंग बांध. नदीच्या काठचा मोठा बांध खाडीतील चिकण मातीचा असतो. मातीत पेंढा व झाडांच्या फांद्या घालून तो बळकट करतात आणि पाण्याचा मारा जेथे जास्त असतो तेथे बाहेरच्या अंगास चिऱ्यांचे अस्तर देतात. बांधाच्या बाहेर, पाण्यात, खारफुटी राखून ठेवलेली असते. तिच्या मुळांच्या जाळ्यात लाटांचा जोर मोडतो आणि गाळ अडकून राहतो. त्यामुळे बांधाची निम्मी राखण ही झाडेच करतात असे म्हटले तरी चालेल.

दुसरे अंग मानस. बांधात ठरावीक ठिकाणी चिऱ्यांचे बांधकाम करून लाकडी दारे बसवितात. त्या दारास आपण मानस म्हणतो. खाऱ्या पाण्यात न कुजणारे, विशेषतः मतीचे, लाकूड त्यासाठी वापरीत. या दाराची करामत अशी की, त्याच्या झडपा फक्त नदीच्या बाजूस उघडतात. ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी खाली जाते व आतील पाणी उंच राहते. ते आतून रेटा देते आणि झडप आपोआप उघडते. भरतीच्या वेळी नदीचे पाणी चढते. ते बाहेरून रेटा देते आणि झडप आपोआप मिटते. पाण्याच्या दाबाचा जो नियम तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात चित्रासह शिकता, तो या दाराने दिवसातून चार वेळा सिद्ध करून दाखविलेला असतो. त्याला ना वीज लागते, ना यंत्र.

तिसरे अंग पोंय. मानसाच्या आतल्या बाजूस एक खोलगट जागा असते आणि तिला शेतांतून वाहणारे ओहोळ येऊन मिळतात. भरतीच्या वेळी दार मिटलेले असताना पावसाचे पाणी कोठे जाणार? ते या पोंयीत साठते व ओहोटी लागताच बाहेर पडते. पोंय म्हणजे खाजनाचा उसासा घेण्याचा अवकाश होय. ती बुजविली तर दार चांगले असूनही शेत बुडते. ही गोष्ट पुढे शहराविषयी बोलताना पुन्हा आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता या व्यवस्थेवर वर्षाचे काम कसे चालते ते पाहू. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. मृगाच्या सरी जमिनीत मुरलेले मीठ धुऊन काढतात आणि ते खारे पाणी ओहोटीबरोबर मानसातून निघून जाते. मग मोड आलेले भात पेरतात. कोरगूट आणि आसगो या जाती थोडा खारटपणा सहन करतात, म्हणून आपल्या वाडवडिलांनी त्या निवडून जोपासल्या. भात कापल्यावर काही ठिकाणी शेतात मुद्दाम खारे पाणी घेऊन मासळी वाढवितात, तर काही ठिकाणी मिठागरे चालतात. ओहोटीच्या वेळी मानसाच्या तोंडाशी जाळे लावले की सुंगटां, शेवटे, काळुंद्रे, एखादे वेळी चोणकही मिळतो. भात, मासळी आणि मीठ अशी तिन्ही पिके एकाच जमिनीने, ऋतू पाहून, द्यावीत ही योजना खरोखर आश्चर्यकारक आहे.

गांवकारीची व्यवस्था

एवढे मोठे काम एका शेतकऱ्याच्या हातून होणे शक्य नाही. बांध मैलभर लांब असतो. त्यात खेकड्याने किंवा उंदराने एक बीळ केले, ते वेळीच बुजविले नाही, आणि अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचे पाणी त्यात शिरले, तर सकाळपर्यंत त्या बिळाचे भगदाड झालेले असते. ते भगदाड कोणाच्या शेतासमोर पडले याला काही महत्त्व उरत नाही; कारण खारे पाणी साऱ्या खाजनात पसरते. पीक तर जातेच, शिवाय मुरलेले मीठ धुऊन जाण्यास पुढे काही पावसाळे लागतात. म्हणून खाजनात माझे शेत आणि तुझे शेत असा भेद पावसाळ्यापुरताही टिकत नाही. या अडचणीतूनच गावाला एकत्र येण्याची शिस्त लागली.

ही शिस्त म्हणजे गांवकारी. पोर्तुगीज अमदानीत तिला कोमुनिदाद हे नाव मिळाले. जमीन गावाच्या समाईक मालकीची असे आणि तिचा कारभार गांवकारांची सभा पाही. पोर्तुगिजांनी तिसवाडी घेतल्यावर त्यांच्या महसुलाचा मुख्य अधिकारी आफोन्सु मेशिय याने १५२६ साली येथील गांवकारीचे रिवाज लिहून काढले. तो दस्तऐवज ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध आहे. नव्या राज्यकर्त्यालाही ही व्यवस्था मोडता आली नाही, ती लिहून घेऊन मान्य करावी लागली, यावरून तिचे बळ कळून येते. आजही गोव्यात दोनशेहून अधिक कोमुनिदादी आहेत आणि त्यांचा कारभार १९६१ च्या संहितेप्रमाणे चालतो.

गांवकारीच्या कारभारातील मर्माची गोष्ट अशी. खाजनातील शेते ठरावीक मुदतीने लिलावात देत. या लिलावास आपण पावणी म्हणतो. मानसावर मासळी धरण्याच्या हक्काचीही पावणी होई. या उत्पन्नातून सरकारचा सारा दिला जाई, बांध-मानसांचा खर्च भागविला जाई आणि मग उरलेल्या रकमेची वाटणी गांवकारांत होई. म्हणजे बांध फुटला तर गांवकाराचा वाटा बुडे, शेत कसणाऱ्याचे पीक बुडे आणि मानस घेणाऱ्याची मासळीही जाई. प्रत्येकाच्या ताटातील घास त्याच बांधाला बांधलेला असल्यामुळे कोणी त्याकडे पाठ फिरवू शकत नसे. मानस घेणाऱ्यास अधिक मासळीच्या मोहाने दार जास्त वेळ उघडे ठेवावेसे वाटे. परंतु तसे केल्यास शेजारच्या भाताचे नुकसान होते, म्हणून त्याच्यावरही गावाची नजर असे.

बांधाविषयीची ही काळजी लोकांच्या श्रद्धेतही उतरली आहे. फोंडा तालुक्यात बोरी, दुर्भाट या परिसरातील खाजनशेतकरी पौष अमावास्येस मातीची मगर घडवून तिची पूजा करतात. या विधीला ‘मांगे थापणी’ म्हणतात. नदीतील ज्या प्राण्याची भीती, त्याचीच त्या नदीच्या मातीने मूर्ती करायची आणि आमच्या शेताचे रक्षण कर असे त्याला विनवायचे, यात पाण्याशी वैर न धरता त्याच्या शेजारी राहण्याची दृष्टी दिसते.

तथापि जुन्या काळाचे गुणगान करताना सत्य लपवू नये. गांवकारीच्या सभेत गावातील सर्वांना स्थान नव्हते. गांवकारपण वंशपरंपरेने पुरुषांकडे चालत आले. ज्यांनी कमरेइतक्या चिखलात उभे राहून मातीची ढेकळे वाहिली, ज्या स्त्रियांनी वाकून रोपे लावली, त्यांतील पुष्कळांना नफ्यात वाटा नव्हता आणि निर्णयात शब्द नव्हता. बांध त्यांच्या घामाने उभा राहिला, पण दप्तरात त्यांची नावे क्वचितच सापडतील. ही उणीव ओळखल्याशिवाय पुढे काय घडले ते नीट समजणार नाही.

बांध दुबळे का झाले?

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर १९६४ साली कूळ कायदा आला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्यात आले. पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्याला जमीन मिळाली, ही न्यायाचीच गोष्ट झाली. तिच्याविषयी खेद करण्याचे कारण नाही. परंतु तिचा एक परिणाम बांधावर झाला. गांवकारीचे उत्पन्न आटले आणि बांधाचा खर्च करण्याची तिची ऐपत व इच्छा दोन्ही कमी झाली. १९७५ च्या नियमांनी ही संयुक्त जबाबदारी कुळांच्या संघांकडे सोपविली. काही गावांत हे संघ उत्तम चालले. पुष्कळ ठिकाणी मात्र ते कागदावर राहिले. मोठ्या दुरुस्तीसाठी सरकारच्या कृषिखात्याकडे अर्ज करण्याची रीत पडली. अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, निविदा हा क्रम आवश्यक आहे, हे मान्य. पण भरती काही निविदेसाठी थांबत नाही. जे बीळ एका संध्याकाळी दोन माणसांनी बुजविले असते, त्यासाठी पुढे लाखो रुपये खर्चावे लागतात.

याच सुमारास इतरही आघात झाले. खाणींतील लोहखनिज मुरगाव बंदरात नेणाऱ्या बार्जेस मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याच्या खाडीतून अनेक दशके ये-जा करीत. त्यांच्या लाटांनी बांध खचत गेले. २०१२ साली खाणकाम थांबले तेव्हा हा मारा कमी झाला. परंतु खचलेला बांध लाट थांबल्याने आपोआप भरून येत नाही. खनिजाचा लाभ एकाला आणि लाटेचा तोटा दुसऱ्याला, असा हा हिशेब होता. काही ठिकाणी कोळंबीच्या लोभाने बांध मुद्दाम फोडल्याच्याही तक्रारी झाल्या. शिवाय तरुण पिढी नोकरीसाठी शहरात, परदेशात गेली. शेत पडीक राहिले की बांधावरून रोज चालणारी पावले थांबतात; पावले थांबली की बीळ कोणास दिसत नाही.

पडीक खाजनात खारे पाणी शिरले म्हणजे काही वर्षांत खारफुटी उगवते. येथे एक नवाच पेच उभा राहतो. बांधाबाहेरची खारफुटी शेतकऱ्याची सखी. ती बांधाच्या आत आली की शेत गेलेच म्हणून समजावे. खारफुटीस कायद्याचे संरक्षण असल्याने ती तोडून शेत परत घेणे सोपे नाही. आणि खारफुटी माशांची पाळणाघरे असल्याने तिला शत्रू म्हणणेही योग्य नाही. म्हणून शहाणपण एकच, की बांध फुटूच न देणे.

शहर आणि खाजन

खाजन हा केवळ खेड्याचा प्रश्न आहे असे शहरातील विद्यार्थ्यांना वाटेल. त्यांनी आपल्या राजधानीकडे पाहावे. पणजी १८४३ साली अधिकृतपणे राजधानी झाली. तिचा पुष्कळसा भाग दलदल आणि सखल जमीन भरून उभा राहिला आहे. पणजीस रायबंदरशी जोडणारा लांबलचक सेतू १६३३–३४ च्या सुमारास बांधला गेला. तो मिठागरांच्या आणि दलदलीच्या जमिनीवरून जातो. त्याला कमानी ठेवलेल्या आहेत, कारण पाण्यास वाट ठेवल्याशिवाय तेथे काहीच टिकणार नाही हे बांधणाऱ्यांस ठाऊक होते.

आज मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पणजीच्या सखल रस्त्यांवर पाणी साचते. याचे कारण आपण मघाशी पाहिले आहे. भरतीच्या वेळी पावसाच्या पाण्यास थांबण्यासाठी पोंय लागते. सांत इनेजचा ओहोळ आणि त्याच्या भोवतीची ओलसर जमीन ही शहराची पोंयच होती. ओहोळ अरुंद झाला, त्यात सांडपाणी व कचरा गेला, काठच्या जमिनीवर भराव पडला. मग पाणी रस्त्यावर येऊन थांबले, यात नवल ते काय? पाण्याने आपली जागा सोडली नाही, आपणच ती व्यापली.

पुढील काळाचा विचार केला तर हा धडा अधिकच गंभीर होतो. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, असे शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने सांगितले आहे, आणि वाढीचा वेग चढता आहे. वीतभर वाढ ऐकण्यास लहान वाटते; पण ज्या बांधावरून भरतीचे पाणी वीतभर खाली राहते, त्या बांधाला विचारावे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत गोव्यातील खाजनांचा स्वतंत्र उल्लेख करून त्यांचे रक्षण करण्यास व त्यांसाठी व्यवस्थापन आराखडा तयार करण्यास सांगितले आहे. कायद्याचा हा आधार मोलाचा आहे. परंतु अधिसूचना रात्री कंदील घेऊन बांधावर जाऊ शकत नाही. तेथे माणूसच जावा लागतो.

आपले कर्तव्य

मग उपाय काय? जुनी गांवकारी जशीच्या तशी परत आणता येणार नाही आणि तशी इच्छाही धरू नये. मात्र तिच्यातील सूत्र घेता येईल. मानसाच्या पावणीचे उत्पन्न प्रथम बांधाकडे जावे. शेत कसणारा, मासळी धरणारा, मजुरी करणारा, स्त्री असो वा पुरुष, बांधाच्या निर्णयात प्रत्येकास शब्द असावा. पूर्वीच्या व्यवस्थेत ज्यांच्या हातांना काम होते पण सभेत जागा नव्हती, त्यांना ती जागा मिळाली तर बांध पूर्वीपेक्षाही भक्कम होईल. मोठा खर्च सरकारने करावा, परंतु रोजची राखण गावाने आपल्याकडेच ठेवावी. ग्रामसभेत रस्ता आणि दिवाबत्ती यांच्याबरोबर बांधाचा विषयही दरवर्षी पावसाळ्यापूर्वी निघावा.

विद्यार्थी काय करू शकतील, असे तुम्ही विचाराल. पुष्कळ करता येईल. आपल्या गावातील मानसांची नावे विचारून घ्या व त्यांचा नकाशा काढा. ती नावे जाणणारी माणसे थकत चालली आहेत. भरती-ओहोटीच्या वेळा वहीत टिपा आणि एक महिना मानसावर पाणी कोठवर चढते ते खुणेने नोंदवा. कोणत्या शेतात कोरगूट अजून पेरतात याची चौकशी करा. शहरातील मुलांनी आपल्या वाड्यातील ओहोळ कोठून निघतो व कोठे मिळतो हे पायी चालत शोधावे. बांधाला तडा दिसला तर पंचायतीस व शेतकऱ्यांच्या संघास लेखी कळवावे. एका विद्यार्थ्याचे अक्षर मोठ्या माणसांना लाजवू शकते. मात्र भरतीच्या वेळी, पावसात किंवा एकट्याने मानसाजवळ जाऊ नये, वडीलधाऱ्यांबरोबरच जावे.

देशभक्ती म्हणजे काय, या विषयावर आपण स्पर्धांत सुंदर भाषणे करतो. ज्या चिकण मातीने आपल्या गावाला चौदा शतके भात घातला, तिचा बांध आपल्या पिढीच्या दुर्लक्षाने फुटू न देणे, हाही त्या देशभक्तीचाच एक भाग आहे. या पावसाळ्याआधी तुमच्या गावचा बांध एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहा, आणि जे दिसेल ते घरी, शाळेत व ग्रामसभेत सांगा.